एन स्केलच्या ४ × २ फुटी लेआउटचा तळ : १८ मिमी प्लाय, थर्माकोल की आणखी काही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. डोंबिवलीत भाड्याचं वन बीएचके आहे. एन स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या १ला १६० या प्रमाणात, मॉडेल रेल्वेचा ४ × २ फुटांचा लेआउट करायचाय, विषय खंडाळ्याचा घाट: एक बोगदा, एक पूल, खाली ओढा. खेळून झालं की तो पलंगाखाली सरकवायचा किंवा कपाटामागे उभा करून ठेवायचा. सुतार म्हणतो १८ मिमी प्लाय घ्या, व्हिडिओंमध्ये सगळे निळा-गुलाबी फोम कापताना दिसतात आणि तुमच्या माळ्यावर फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल पडून आहे. यातलं सगळ्यात हलकं कोणतं, असं तुम्ही विचारलंय.

सगळ्यात हलकं थर्माकोलच. पण तुमची खरी अडचण वजनाची नाही, असं मला वाटतं. तुम्ही एकटेच हा लेआउट एका कडेला धरून उचलणार, आडवा करणार, दारातून काढणार, पुन्हा टेबलावर ठेवणार, आणि हे आठवड्यातून दोनदा. प्रत्येक वेळी तळाला थोडा पीळ बसला तर रुळांचे सांधे उघडतात. एनच्या ९ मिमी गेजमध्ये (दोन रुळांतलं अंतर) अर्ध्या मिलिमीटरची पायरी झाली की डबा उतरलाच. मग तळ मेमध्ये होता तसाच जुलैमध्येही राहायला हवा. म्हणजे पीळ पहिला, पावसाळा दुसरा, वजन तिसरं. मात्र पहिल्या दोन गोष्टी नीट जमवल्या की वजन आपोआप कमी होतं.

मी वीस-बावीस वर्षांत सहा लेआउट केले. पहिला एचओ स्केलचा (एनपेक्षा मोठं प्रमाण), ६ × ४ फूट, १८ मिमी प्लाय आणि खाली २ × १ इंची रिपांची चौकट. नुसतं प्लायच २६ किलोच्या आसपास. घर बदलताना तो जिन्याच्या वळणावर अडकला, हमालांनी तिरका केला, आणि त्यांतल्या एकाने आधारासाठी हात ठेवला तो नेमका माझ्या बोगद्यावर. दोष त्यांचा नव्हता. दोन माणसांनी उचलायची वस्तू मी खेळणं म्हणून बनवली होती.

तेव्हा सुताराचं म्हणणं आधी बघू. त्याचा अनुभव फर्निचरचा आहे. कपाटाच्या फळीवर पुस्तकं ठेवायची असतात, म्हणून तो १८ मिमी म्हणतो. तुमच्या फळीवर अख्खी गाडी आली तरी किलोभर होत नाही. घरात लाकडी फूटपट्टी असेल तर हातात घ्या. आडवी धरून दाबा, सहज वाकते. तीच पट्टी कडेवर उभी धरून वाकवायचा प्रयत्न करा. लाकूड तेवढंच, वजन तेवढंच, पण वाकत नाही. न वाकण्याची ताकद उंचीच्या घनाने वाढते, उंची दुप्पट केली की ताकद आठपट होते. १८ मिमी प्लाय आडवं पसरण्यापेक्षा ६ मिमी प्लायची १० सेंटिमीटर उंच पट्टी चारही कडांना उभी लावली, तर लाकूड कितीतरी कमी लागतं आणि तळ जास्त ताठ होतो. मधल्या भागाला मग फक्त आकार धरून ठेवायचं काम उरतं, ते फोम करतो.

आकडे सांगतो, म्हणजे ठरवायला सोपं जाईल. ४ × २ फूट म्हणजे पाऊण चौरस मीटर. तेवढं १८ मिमी प्लाय पावणेनऊ किलो, त्याखालची रिपांची चौकट दोन किलो, म्हणजे रूळ टाकायच्या आधीच साडेदहा-अकरा. १८ मिमी एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड, त्याहून जड, जवळजवळ दहा किलो, चौकट वेगळी. ४ मिमी प्लाय दोन किलोच्या आत. ५० मिमी जाड एक्सपीएस फोम (व्हिडिओंतला निळा-गुलाबी तो हाच), तेवढ्याच आकाराचा, फक्त सव्वा ते दीड किलो.

आता थर्माकोल आणि एक्सपीएस यांतला फरक, कारण गोंधळ इथेच होतो. दोन्ही पॉलिस्टायरिनच. थर्माकोल म्हणजे फुगवलेले मणी एकमेकांना चिकटवून केलेला ठोकळा. एक्सपीएस यंत्रातून सलग दाबून काढलेला असतो, बंद पेशींचा, कापल्यावर गुळगुळीत कड देणारा. छताच्या इन्सुलेशनला आणि कोल्ड स्टोरेजच्या भिंतींना तोच वापरतात. थर्माकोल कापला की मणी सुटतात. स्थिर विजेमुळे ते हाताला, पडद्याला, मांजराला चिकटतात. ते एकवेळ चालेल, पण तीन महिन्यांनी त्यातलाच एक मणी इंजिनाच्या गिअरमध्ये सापडतो. मी चिमट्याने काढलाय, म्हणून सांगतो. शिवाय थर्माकोल बोटाने दाबला तरी खड्डा पडतो आणि तो भरून येत नाही. मखरासाठीच्या थर्माकोलवर २०१८ साली आपल्या राज्यात बंदी आली, त्यामुळे गणपतीच्या दिवसांत गल्लोगल्ली मिळणाऱ्या सपाट शीटही आता सहज दिसत नाहीत. पॅकिंगचा जो उरतो तो खाचाखोचांचा. तुमच्या फ्रिजचा थर्माकोल फेकू नका, डोंगराच्या पोटात भरायला उत्तम आहे. तळाला मात्र नको.

बाकीच्या पर्यायांवर फार वेळ घालवत नाही. सनबोर्ड नावाने मिळणारा पीव्हीसी फोम कापायला छान, इमारतींना मी तोच वापरतो. पण त्याला स्वतःचा ताठपणा नाही. ४ फुटांवर टेकूशिवाय ठेवला की बाक येतो, आणि उन्हाळ्यात तो लाकडापेक्षा बराच जास्त पसरतो. एमडीएफ सपाट असतं, पण जड, आणि पावसाळ्यात त्याच्या कापलेल्या कडा पाणी पिऊन फुगतात. माझ्या तिसऱ्या लेआउटला मी कडा रंगवायला विसरलो. ऑगस्टमध्ये कडेच्या रुळाखाली अशी उठवणी आली की गाडी तिथे सलाम ठोकून पुढे जायची. जाहिरातीच्या पाट्यांचं एसीपी ताठ असतं, पण त्याच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. भोकातून वायर खाली नेताना वेष्टण सोललं की शॉर्ट.

फ्लश डोअरचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईलच. परदेशातले लोक आतून पोकळ असलेलं स्वस्त दार आणतात, त्यावर लेआउट करतात आणि ते खरंच हलकं असतं. आपल्याकडे दुकानात फ्लश डोअर मागितलं की बहुतेकदा आतून भरीव लाकडाचंच मिळतं. ते उचलायला पुन्हा दोन हमाल. नाव एक, वस्तू दुसरी.

पुठ्ठ्याच्या थरांचा तळ नागपूरला किंवा संभाजीनगरला चालून जाईल. डोंबिवलीत जून ते सप्टेंबर तो ओल धरणार. घर कुठे आहे यावर सामान ठरतं ते असं. आणखीही काही गोष्टी परिस्थितीवर आहेत. लेआउट एकाच जागी कायम राहणार असेल तर यातली अर्धी काळजी गळून पडते. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे, जमलं तर बघून या. तिथला लेआउट जागचा हलत नाही, त्याला वजनाची फिकीर कशाला? तुम्ही एचओ करणार असता तरी उत्तर बदललं असतं, कारण एचओचं अगदी लहान, ३६० मिमी त्रिज्येचं वळणही २ फूट रुंदीत बसत नाही. एनमध्ये काटो या जपानी कंपनीचं २४९ मिमी त्रिज्येचं वळण घेतलंत तर रूळ आणि खडी धरून साडेबावन्न सेंटिमीटर जातात आणि दोन्ही कडांना चार-चार सेंटिमीटर उरतात. बसतं, पण जेमतेम. गाडी उतरली तर थेट जमिनीवर जाऊ नये म्हणून कडेची पट्टी रुळापेक्षा बोटभर उंच ठेवा.

तुमच्या बाबतीत फोम निवडायला वजनाखेरीज आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते तेच मोठं. तुम्हाला घाट करायचाय. सपाट प्लायवर घाट करायचा तर रूळ वर चढवावे लागतात. बोर घाटाचा, म्हणजे तुमच्या खंडाळ्याच्याच घाटाचा, खरा चढ ३७ला १. तो १.२५ मीटरवर दिला तर रूळ ३४ मिलिमीटर वर जातील, पण गोल फिरणाऱ्या मार्गावर जेवढं चढलात तेवढं उतरावंही लागतं, आणि इवलं इंजिन चार डबे घेऊन वळणावर धापा टाकतं. मी रूळ सपाट ठेवतो आणि जमीन खाली नेतो. फोममध्ये कटरने उतार कोरला, ओढ्याची पन्हळ खोदली, की रूळ आपोआप उंचावर गेल्यासारखे दिसतात. बघणाऱ्याचे डोळे चढ मोजत नाहीत, दरी बघतात. ५० मिमी खोली म्हणजे १ला १६० या प्रमाणात आठ मीटर. ओढ्याला पुरतं, घाटातल्या दरीला कमी पडतं. म्हणून तळाच्या ५० मिमी शीटवर आणखी २५ मिमीचा थर द्या. रूळ त्याच्यावर जातील, म्हणजे कोरायला बारा मीटरांची दरी मिळेल. वजन वाढेल जेमतेम सहा-सातशे ग्रॅम.

आता मी बांधतो कसं ते सांगतो.

मला मिळालेली एक्सपीएसची शीट १२५० × ६०० मिमी होती. म्हणून ४ × २ चा हट्ट न धरता मी लेआउटच तेवढा केला. एक कापही वाचतो आणि कारखान्याच्या काटकोनात कापलेल्या कडा मिळतात. त्याच मापाचं ४ मिमी प्लाय खाली. प्लाय घेताना ते हातात उचलून बघा. यमुनानगरकडचं पॉप्लर लाकडाचं प्लाय गर्जन लाकडाच्या प्लायपेक्षा हलकं लागतं, आपल्याला तेच बरं. मात्र कड नीट तपासा, मधल्या थरात फटी असतील तर दुसरी शीट मागा. ओल येणारी भिंत असेल तर आयएस ७१० शिक्क्याचं, म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन प्लाय घ्या, थोडं जड आणि महाग पडेल. कोरड्या खोलीला आयएस ३०३ पुरतं. कापल्यावर दोन्ही बाजूंना आणि कडांना सीलरचा किंवा पातळ केलेल्या ऑइल पेंटचा एक हात द्या. दोन्ही बाजूंना म्हणतोय ते मुद्दाम. एकच बाजू रंगवली की न रंगवलेली बाजू ओल घेते आणि शीट पापडासारखी वळते. मग कितीही फोम चिकटवा, सरळ होत नाही.

६ मिमी प्लायच्या १० सेंटिमीटर उंच चार पट्ट्या कडांना. ४ मिमीचा तळ या चौकटीत असा बसवायचा की त्याच्या वर फोम येईल आणि खाली साधारण साडेचार सेंटिमीटर मोकळं राहील. ही मोकळी जागा वायरींना, स्विचला आणि उचलताना बोटं घालायला. चारही आतल्या कोपऱ्यांत लाकडाचे छोटे ठोकळे, आणि मधोमध आडवी एक पट्टी. आपण वरचा २५ मिमीचा थर देणार, म्हणून मागची आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या साडेचौदा-पंधरा सेंटिमीटर उंच ठेवा, म्हणजे त्या रुळापेक्षा बोटभर वर येतील. पुढची पट्टी डोंगर-दरीच्या आकारात वरून कापली की शोभाही येते.

गोंद सुकण्याआधी पीळ तपासायचा. कोपऱ्यांच्या चार ठोकळ्यांची खालची टोकं एकाच पातळीत हवीत. त्यांच्यावरून कर्णाकर्णाने दोन दोरे ताणून बांधायचे. मध्यावर दोन्ही दोरे एकमेकांना नुसते टेकले पाहिजेत. फट दिसली किंवा एक दोरा दुसऱ्याला दाबतोय असं झालं तर चौकटीत पीळ आहे. ज्या कोपऱ्याचा दोष असेल त्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून पुन्हा बघायचं. मी हे जेवणाच्या टेबलावर करतो आणि घरच्यांना दोन दिवस खाली बसून जेवायला लावतो.

फोम बसवताना वर समान वजन हवं. मी पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या उभ्या ठेवतो, पंचवीस-तीस लागतात. पुस्तकांच्या गठ्ठ्यापेक्षा त्या बऱ्या, कारण वजन सारखं पसरतं आणि सगळ्यांच्या मधून हातही जातो. हा सगळा सांगाडा, वरचा थर सोडून, पाच किलोच्या आसपास भरतो. म्हणजे सुताराच्या हिशोबाच्या निम्मा.

गोंदाबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण माझा दुसरा लेआउट गोंदानेच खाल्ला. चपला आणि रेक्झिन चिकटवायचा पिवळा रबर गोंद मी फोमला लावला. दहा मिनिटांत फोमच्या जागी चुरगळलेली गुहा. त्यातलं सॉल्व्हंट पॉलिस्टायरिन विरघळवतं. थिनर, बहुतेक स्प्रे पेंट आणि झटपट चिकटणारे थेंबवाले गोंद हेही तेच करतात. सुतारकामाचा पांढरा गोंद फोमला काही करत नाही, आणि प्लायवर फोम चिकटवायला तो चालतो, कारण पाणी प्लायमधून हळूहळू बाहेर जातं. दोन दिवस द्या. पण फोमवर फोम चिकटवायला तो नको. दोन्हीकडून हवा बंद असल्यामुळे मधला गोंद सुकतच नाही. मी एकदा आठवड्याने सांधा उघडला तर आत गोंद दुधासारखा पांढरा आणि ओला. तिथे बाथरूमच्या फटी भरायला वापरतात ते पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक सीलंट गनने बारीक रेघांत घालायचं. रूळही त्यानेच चिकटवा. पुढे बदलायचे झाले तर पातळ पातं खालून सरकवून उचलता येतात, आणि ते सुकल्यावरही थोडं मऊ राहत असल्यामुळे आवाज कमी होतो. फोमवर गाडी चालली की ढोलकीसारखा घुमारा येतो, ही त्याची एक खरी कटकट आहे. रुळाखाली २ मिमी कॉर्क शीटची पट्टी दिलीत तर बराच आवाज मरतो. पूर्ण जात नाही.

पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा) बदलणाऱ्या मोटरी तळाखाली लावायच्या असतील तर ७५ मिमी फोममधून तार वर आणावी लागेल आणि ती तार वाकून दगा देईल. एनमध्ये मोटर आतच बसवलेले पॉइंट मिळतात, ते घ्या आणि हा प्रश्नच काढून टाका. वायरसाठी भोकं पाडाल तेव्हा त्यात कागदी स्ट्रॉ घाला. वायरवरचं पीव्हीसी आणि पॉलिस्टायरिन वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून राहिले तर वेष्टण कडक होतं आणि फोम खाल्ला जातो. रुळाला वायर आधी सोल्डर करा, मग रूळ जागेवर ठेवा. फोम शंभर अंशांच्या अलीकडेच मऊ पडून बसायला लागतो, आणि सोल्डरिंगचं टोक साडेतीनशे अंशांवर असतं.

फोम कापायला लांब पात्याचा कटर पुरतो, पातं अगदी तिरकं धरायचं. गरम तारेने सुंदर कापला जातो, पण तो धूर बंद खोलीत नको. आणि हा फोम जळतो, काळा धूर करत जळतो. रंग आणि मातीने तो पूर्ण झाका, लेआउट देवघराच्या समईजवळ उभा करू नका, आणि बाहेर जाताना पॉवर पॅकची पिन काढा.

एवढं करून वाचवलेलं वजन लोक डोंगरावर घालवतात. माझ्या ओळखीच्या एकाने साडेचार किलोच्या तळावर पीओपीचा डोंगर ओतला आणि नंतर वजनकाट्यावर ठेवला तर बारा किलो. वर ओलं प्लास्टर एकाच बाजूने सुकताना ओढतं ते वेगळंच. फोम कोरून झाल्यावर त्यावर टिश्यू पेपर आणि पाणी घातलेला पांढरा गोंद, एवढीच कातडी द्या. सह्याद्रीचे काळे कडे तर नुसत्या फोमवर पातं आडवं ओढून, तुकडे खुडून, वर काळा-करडा पाण्याचा रंग दिला तरी जमतात. बेसाल्टचे आडवे थर त्यात फार छान येतात.

शेवटी मिळतो कुठे ते. स्टेशनरीच्या दुकानात फोम मागितला तर ते ईव्हीएचे रंगीत कागद देतील. हार्डवेअरच्या दुकानातही बहुतेक वेळा नाहीच. गच्चीचं इन्सुलेशन किंवा कोल्ड रूम करणाऱ्या ठेकेदाराला फोन करा आणि ‘एक्सपीएस, ५० मिमी एक शीट आणि २५ मिमी एक शीट’ असं नेमकं सांगा. दोन शीटसाठी ते पोचवायला येणार नाहीत, पण गोदामातून घेऊन जा म्हणतील. तिथे साइटवरून परत आलेल्या, कोपरा तुटलेल्या शीट असतात. त्याच मागा, स्वस्त पडतात, आणि तुटका कोपरा कुठे लावायचा हे तुम्हाला आधीच माहीत आहे: दरीच्या बाजूला.